वडिलांची आरएक्स १०० साठ हजाराला द्यावी का? जुन्या एअर-कूल्ड गाड्यांच्या भावाबद्दल

सेलूजवळच्या एका गावातल्या तरुणाचा प्रश्न आहे. वडिलांची १९९१ ची यामाहा आरएक्स १०० अकरा वर्षांपासून गोठ्याच्या आडोशाला उभी आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आता एक जण घरी येऊन ६० हजार रोख द्यायला तयार झालाय. मित्र म्हणतात, रंगवून चकाचक कर, पुण्यात दीड लाखाला जाईल. आईला ती विकायचीच नाही. आणि शेवटी त्याने विचारलंय की अशा दोन-तीन गाड्या घेऊन ठेवल्या तर प्लॉटसारखा पैसा वाढेल का.

मी छत्रपती संभाजीनगरात एकतीस वर्षांपासून गॅरेज चालवतो. त्यातली पंधरा वर्षं जवळजवळ फक्त जुन्या दोन-स्ट्रोक गाड्या आणि लोखंडी इंजिनाच्या बुलेट एवढंच काम करतो. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. ६० हजाराला आज देऊ नका. दीड लाखही अजून मनात धरू नका. गाडीचं पुस्तक, म्हणजे आरसी बुक, हातात आल्याशिवाय आणि गाडी नीट पाहिल्याशिवाय तिचा भाव कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण रंगवायला तेवढी टाकू नका. या एका चुकीने मराठवाड्यातल्या किती चांगल्या गाड्यांची किंमत गेली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हा भाव आला कुठून, ते आधी समजून घ्या. आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ मध्ये यामाहाची इथली भागीदार कंपनी एस्कॉर्ट्सने बाजारात आणली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून इथे जोडल्या. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला एवढी ताकद आपल्याकडे तोवर कुणी पाहिली नव्हती. त्याच वर्षी आपल्या वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पगार हातात येऊ लागलेली पोरं मोटारसायकलचा विचार करायला लागली तो हा काळ. मार्च १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि आरएक्स १०० बंद झाली. म्हणजे सगळी मिळून जेमतेम अकरा वर्षं.

बंद झाल्यावर लगेच भाव चढला असं मुळीच नाही. उलट पडला. हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ पासूनच बाजारात होती, लिटरला दुप्पट पळत होती, आणि पेट्रोल पिणारी, धूर सोडणारी आरएक्स कुणाला नकोशी झाली. २००४ च्या सुमारास चालू स्थितीतली, कागद पूर्ण असलेली आरएक्स मी स्वतः ९ हजाराला घेतली आहे, आणि विकणारा खूश होऊन गेला. २०१० पर्यंत वीस-पंचवीस. मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते वर्ष. त्या उन्हाळ्यात गोठ्यातली, ओसरीवरची जी गाडी उभी होती ती लोकांनी मिळेल त्या किमतीला काढली. कोल्हापूर आणि कर्नाटकातले व्यापारी टेम्पो घेऊन आपल्याकडे फिरत होते, तीस-पस्तीस हजारात गाड्या भरून नेत होते. चांगल्या आरएक्स मराठवाड्यातून त्याच काळात सगळ्यात जास्त गेल्या. लॉकडाऊन उठल्यावर भावाने खरी उडी घेतली. आज माझ्यासमोर जे सौदे होतात त्यात कागद चालू असलेली, पण बरीच हात लागलेली गाडी साठ ते ऐंशी हजारात जाते, आणि मूळ रंगातली, मूळ इंजिनाची, एकाच घरात राहिलेली गाडी लाखाच्या पुढे. दोन लाखांची जाहिरात मोबाईलवर रोज दिसते. दोन लाख हातात पडलेला माणूस मला फारसा भेटत नाही.

भाव का चढतो याचं उत्तर गाडी दुर्मिळ आहे यात नाही. आरएक्स भरपूर बनल्या. उत्तर माणसांच्या वयात आहे. १९८५ ते ९६ मध्ये कॉलेजात असलेला मुलगा आज पंचेचाळीस ते साठ वर्षांचा आहे. तेव्हा ती गाडी वर्गातल्या एखाद्याच मुलाकडे असायची आणि बाकीचे तिच्याभोवती उभे राहायचे. त्या उभ्या राहिलेल्यांतले कित्येक आज डॉक्टर आहेत, कंत्राटदार आहेत, जिल्हा परिषदेत मुख्याध्यापक आहेत. मुलांची लग्नं झाली, घर बांधून झालं, आणि आता ते माझ्याकडे येऊन म्हणतात, "एक पीकॉक ब्लू रंगाची आरएक्स बघा ना माझ्यासाठी." हे लोक घासाघीस कमी करतात आणि एकदा घेतलेली गाडी विकत नाहीत. बाजार त्यांच्यावर उभा आहे. मोबाईलवर रील बघून येणारी वीस-बावीस वर्षांची मुलं भाव चढवतात, पण सहा महिन्यांत तीच गाडी परत विकायला काढतात.

हेच जगात सगळीकडे झालंय, फक्त आकडे वेगळे. पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली आणि १९९८ पर्यंत तिचं इंजिन हवेवरच थंड व्हायचं, आपल्या आरएक्ससारखंच. नंतरच्या ९११ ला पाणी आलं, रेडिएटर आला. नवी गाडी कागदावर जास्त चांगली होती, तरी लोकांचा जीव जुनीतच राहिला. बरीच वर्षं या जुन्या ९११ साध्या सेकंडहँड गाडीच्या भावात मिळायच्या. मग २०१२ ते १५ या काळात भाव झपाट्याने चढले, नंतर काही वर्षं थबकले, २०२१-२२ मध्ये पुन्हा उसळले आणि त्यानंतर परत थंडावले. या चढउतारात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. भाव थंडावला तेव्हा आधी कोसळल्या त्या इंजिन-चेसिसचे नंबर मूळ नोंदीशी न जुळणाऱ्या, इंजिन बदललेल्या, रंग बदललेल्या गाड्या. एकाच मालकाची, सर्व्हिसच्या पावत्या जपलेली गाडी फार हलली नाही.

आणखी एक बघा. ९११ सारखंच अंग असलेली, पण चार सिलिंडरची ९१२ नावाची गाडी १९६५ ते ६९ मध्ये निघाली. लांबून ओळखू येत नाही, तरी तिचा भाव कायम ९११ च्या बराच खाली. आपल्याकडे आरएक्स १३५ आणि आरएक्स-जी या यामाहाच्याच गाड्यांचं तेच आहे. चालवायला आरएक्स १३५ कुठेही कमी नाही, पाच गिअरची तर लांबच्या रस्त्याला जास्त चांगली. पण टाकीवर १०० लिहिलेलं नाही म्हणून तिला भाव कमी. आणि म्हणूनच १३५ ला १०० बनवून विकणारे तयार झालेत.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या, ६५ कोटींचा व्यवहार, देशभर बातमी झाली. ती गाडी घेणाऱ्यांनी प्रतिष्ठेसाठी, वापरासाठी घेतली, त्यात गैर काही नाही. पण पंधरा वर्षं जुनी मर्सिडीज आज विकायला काढा. सेन्सर, गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन यांच्या खर्चाला घाबरून गिऱ्हाईक मागे सरकतं. आरएक्सचं इंजिन मात्र पाथरीतला मिस्त्रीही दुपारभरात उघडून बसवतो. सिलिंडरवरच्या फिनांवरून (धातूच्या पातळ पात्यांवरून) वारा गेला की इंजिन थंड होतं. पाण्याचा पंप नाही, होज नाही, कॉम्प्युटर नाही. चाळीस वर्षांनीही दुरुस्त होते, म्हणून लोक चाळीस वर्षांनीही पैसे मोजतात.

आता तुमच्या गाडीकडे येतो. पहिलं पुस्तक. वडिलांच्या नावाचं आरसी बुक घरात कुठे आहे ते आधी शोधा. १९९१ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी २००६ ला संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. ती ज्या वर्षी उभी राहिली त्याच्या आसपासच शेवटचं पासिंग झालं असेल, किंवा झालंच नसेल. पुन्हा पासिंगसाठी फॉर्म २५ भरावा लागतो, गाडी आरटीओत न्यावी लागते, विमा आणि पीयूसी लागतो, पर्यावरण कर भरावा लागतो. फीसुद्धा वाढलीय. २०२२ मध्ये पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीची ३०० ची फी १,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकीला २,००० झाली. उशिराचा आकार त्याच्यावर. तो किती होतो ते आरटीओत विचारून मगच खर्चाचा हिशोब धरा. वडील वारले आहेत, म्हणून गाडी आधी आईच्या किंवा तुमच्या नावावर करून घ्या. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. हाताने लिहिलेलं जुनं पुस्तक असेल तर गाडीची नोंद सरकारच्या ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत आहे का तेही बघा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या गाडीची मागाहून नोंद, करून घ्यावी लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

हे मी इतकं लांबवून सांगतोय कारण तुमच्याकडे आलेला माणूस हे सगळं जाणतो. तो ६० हजार देईल, टीटी फॉर्मवर (मालकी बदलायच्या अर्जावर) आईची सही-अंगठा घेईल आणि गाडी टेम्पोत टाकेल. नंतर ती गाडी कुठे फिरते, कुणी पाडते, कुठल्या गुन्ह्यात सापडते, पोलीस विचारत येतील ते वडिलांच्या नावाच्या पत्त्यावर. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना नवऱ्याच्या पश्चात चार वर्षांनी ठाण्यात बोलावलं होतं, गाडी तिसऱ्या हातात गेलेली. विकायची तर नाव बदलून घेऊन, फॉर्म २९-३० रीतसर भरून, घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करूनच विका.

कागद नसलेल्या आरएक्सला इंजिनाचा भाव येतो, गाडीचा नाही. पंधरा-वीस हजार, सुट्या भागांसाठी.

दुसरं, गाडी मूळ आहे का. मागच्या हिवाळ्यात गंगाखेडला एक गाडी बघायला गेलो होतो. लांबून सुंदर. चेरी रेड, क्रोम चकचकीत, सीट नवी. मालक सव्वा लाख म्हणत होते. मी रॉकेलचं फडकं घेऊन इंजिनाच्या केसिंगवरचा नंबर पुसला. आरएक्स १०० चा नंबर वन-एल-वनने सुरू होतो. तो होताही. पण कारखान्यातल्या ओतीव धातूचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो, सालीसारखा. इथे नंबराभोवतीची जागा बोटाला गुळगुळीत लागली, आणि नखाने चाचपलं तर किंचित खोलगट. टॉर्च आडवा धरला तेव्हा घासल्याच्या रेघा दिसल्या. नंबर घासून पुन्हा पंच केलेला होता. मग हँडलखालच्या पाइपवरचा चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलने छापून घेतला. शेवटचे दोन आकडे बाकीच्या ओळीपेक्षा केसभर वर. मालकांनी ती गाडी विश्वासाने ९५ हजाराला घेतली होती. मी काही बोललो नाही तरी चालेल असं त्यांना वाटत होतं. मला ते बरोबर वाटलं नाही, म्हणून सगळं दाखवलं. ती गाडी कुठल्याही आरटीओत तपासणीला उभी राहिली तर जप्त होईल.

तुमची गाडी अकरा वर्षं हलली नाही, आणि त्याआधी एकाच घरात होती. हीच तिची खरी ताकद. सीट काढा आणि खालचा पत्रा बघा. तिथे ऊन लागत नाही, म्हणून मूळ रंग कसा होता ते तिथे कळतं. टाकीवर ओरखडे आहेत, रंग फिका पडलाय, चालेल. टाकीवरचे पट्टे आणि अक्षरं मूळ असतील तर त्यांना हात लावू नका. सायलेन्सर मूळ आहे का, वेगळ्या ऑइलची टाकी आणि तिचा पंप अजून जोडलेला आहे का, तेही बघा. आपल्याकडे बहुतेकांनी तो पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल टाकायला सुरुवात केली. तुमच्यात असेल तर जपून ठेवा. आपल्या भागाचं एक बरं आहे, हवा कोरडी. कोकणातल्या गाडीचा चेसिस आतून गंजलेला निघतो. परभणी-बीडकडच्या गाडीचा पत्रा तीस वर्षांनीही धड निघतो. बाहेरचे व्यापारी म्हणूनच इकडे येतात.

रंगवण्याबद्दल एक माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो, कारण ती अजून लागते. बारा वर्षांपूर्वी जालन्याच्या एका सरांनी त्यांची १९८७ ची आरएक्स माझ्याकडे आणली. तीन अक्षरी जुना नंबर, मूळ काळा रंग, पट्टे शाबूत, फक्त टाकीच्या एका कोपऱ्याला पोचा. ते म्हणाले, नवी करून द्या. मी नवी करून दिली. टाकी घासली, पोच्यात लांबी (पुटी) भरली, डुको रंग मारला, बाजारातले पट्टे चिकटवले. गाडी आरशासारखी झाली आणि सर खूश झाले. आज तशी न घासलेली काळी गाडी कुणी आणली तर मी डोळे झाकून मोठी रक्कम देईन. ती माझ्या दुकानातून गेली ती मात्र आता दुसऱ्या दहा रंगवलेल्या गाड्यांसारखीच एक आहे. चांगला रंग पुन्हा मारता येतो. कारखान्याचा पहिला रंग पुन्हा आणता येत नाही.

पैशाचा हिशोबही बघा. पूर्ण रिस्टोर म्हणजे क्रँक, रिबोर (झिजलेला सिलिंडर कातून मोठा करणं), पिस्टन, क्रोम, रंग, सीट, वायरिंग, टायर, तेही धड काम करणाऱ्याकडे, पन्नास ते सत्तर हजार. एवढं घालून गाडी एक लाख दहाला गेली तर तुमच्या हातात ६० हजाराच्या आतच राहिले, आणि सहा महिने गेले ते वेगळे. मूळ रंगाची गाडी फक्त धुऊन, इंजिन चालू करून, पासिंग करून ठेवली तर उशिराचा आकार सोडून पंधरा-वीस हजारात काम होतं आणि भाव जास्त येतो. घेणारा त्याला हवं तसं करून घेईल. इंजिन उघडलंच तर सिलिंडर मूळ मापाचा, ५० मिलिमीटरचा आहे का, की रिबोर झालाय, ते लिहून ठेवा. पहिला रिबोरही न झालेली गाडी माझ्याकडे क्वचितच येते, आणि जाणकार त्याचे वेगळे पैसे देतो.

बाकीच्या गाड्यांचं थोडक्यात. राजदूत ३५० चा बाजार वेगळाच आहे. दोन सिलिंडरची ३४७ सीसी गाडी, १९८३ ला आली आणि दशक संपेपर्यंत बंद झाली. चांगली गाडी काही लाखांत जाते, पण सुटे भाग मिळवण्यात माणूस थकतो. म्हैसूरची येझदी १९९६ पर्यंत बनली. नव्या जावा-येझदी बाजारात आल्यावर जुनीची विचारपूस वाढली, भाव आरएक्सइतका कधी गेला नाही. १९७५ च्या आधीच्या जावाला मात्र आता एक दार उघडलंय. २०२१ च्या केंद्राच्या नियमाने पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि चेसिस-इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. तुमच्या गाडीला पन्नास वर्षं २०४१ मध्ये होतील.

दोन-तीन गाड्या घेऊन ठेवण्याबद्दल माझं स्पष्ट मत, नका घेऊ. प्लॉटला ऑइल लागत नाही आणि तो चोरीला जात नाही. आरएक्सचं हँडल लॉक कुणीही दोन मिनिटांत तोडतो, आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात. आताच्या पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल पाणी ओढून घेतं, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा थर धरतो, जुने रबर फुगतात. गाडी ठेवायची तर दर पंधरा दिवसांनी चालवावी लागते, किंवा टाकी आणि कार्बोरेटर कोरडं करून ठेवावं लागतं. आणि जे लोक आज मनापासून भाव देतात ते वीस वर्षांनी सत्तरीत असतील. तेव्हा धूर सोडणाऱ्या दोन-स्ट्रोकला रस्त्यावर परवानगी किती राहील, पुढच्या पिढीला ती हवी असेल का, यावर पैसे लावायचे असतील तर ते पैसे गेले तरी चालतील असे असावेत. एक गाडी, आवडीची, स्वतः चालवायला, यात मात्र पैसा फारसा बुडत नाही.

आईला विकायची नाही असं तुम्ही लिहिलंय. मग घाई कशाची? विकलीच तर दिवाळी ते गुढीपाडवा या काळात विका. कापूस-सोयाबीनचे पैसे आलेले असतात, गिऱ्हाईक जवळचं मिळतं. उन्हाळ्यात आपल्याकडे विकणारे जास्त असतात.

तोवर एवढं करा. किक अजिबात मारू नका. अकरा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरल्या असतील, जोर लावला तर मूळ सिलिंडरला ओरखडा पडेल. प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे टू-टी ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करून बघा. सुटलं तर बरं, नाही सुटलं तर पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आणि पुस्तक सापडलं की पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पासिंगच्या शिक्क्याचा फोटो पाठवा, त्यावरून पुढे परभणीच्या आरटीओत काय न्यायचं ते सांगतो.